कललेल्या बाजूलाच पाणी

जहाजावरून परत आल्यापासून वसईजवळच्या आमच्या गिरीजमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला दोन गोष्टी विचारतो. तिकडे जेवायला काय मिळतं, आणि उलट्या किती झाल्या. दोन्हींची उत्तरं पुढे येतील. पण मला जे सांगावंसं वाटतं ते कुणी विचारत नाही, कारण ते विचारायचं असतं हे जाण्याआधी मलाही ठाऊक नव्हतं. लोखंडाचं जहाज तरंगतं हे ठीक. पण ते सरळ उभं कसं राहतं? आणि राहीनासं झालं तर आतली माणसं काय करतात?

मी शाळेत विज्ञान शिकवते. बादलीत बुडवलेला दगड हाताला हलका का लागतो, हे दर वर्षी नव्या मुलांना समजावते. त्यामुळे तरंगण्यातलं आपल्याला पुरतं कळतं असा माझा समज होता. माझा नवरा बावतीस मालवाहू जहाजांवर चीफ ऑफिसर आहे. लग्नानंतर आम्ही एकत्र काढलेले महिने फार थोडे. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्याच्या सुट्टीत बायकोला बरोबर न्यायची परवानगी त्याला मिळाली. शाळा उघडायच्या आत परत येते असं हेडमास्तरांना सांगून मी निघाले. सासूबाईंनी सुकेळ्यांचे, म्हणजे सोलून वाळवलेल्या केळ्यांचे, पुडे, घरचा मसाला भरलेल्या बाटल्या आणि आंब्याचं लोणचं एवढं बांधून दिलं की बावतीस म्हणाला, "आये, जहाजावर उपाशी ठेवत नाहीत." त्या म्हणाल्या, "मग वाटून खा."

आम्ही दोघं आपसांत गावची बोली बोलतो, आणि जहाजावरचे बाकीचे बहुतेक लोक हिंदी नाहीतर इंग्रजी बोलायचे. इथे बहुतेकांचं बोलणं सर्वांना कळेल असं लिहिते आहे.

सिंगापूर

जहाज बंदरात धक्क्याला नव्हतं, बाहेर नांगरून होतं. एका छोट्या बोटीतून आम्हाला तिथपर्यंत नेलं. जहाज रिकामं होतं, त्यामुळे ते पाण्याबाहेर एखाद्या तीन मजली चाळीसारखं उभं दिसत होतं. त्याच्या अंगाला तिरका जिना लटकत होता. तो खाली-वर होत होता आणि आमची छोटी बोटही खाली-वर होत होती, मात्र दोघांचा मेळ काही बसत नव्हता. मी पाय उचलला आणि माझी एक चप्पल समुद्रात गेली.

वरून कुणीतरी अगदी आपल्या किनाऱ्याच्या बोलीत म्हणालं, "बाय, खाली पानी बघू नको. माझ्याकडं बघ आनि ये."

तो काशिनाथ, जहाजाचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. अर्नाळ्याचा कोळी, पन्नाशीकडे झुकलेला. मी गिरीजची असं कळल्यावर त्याने हसून दुसरीही चप्पल काढून टाकायला सांगितली. "एक ठेवून काय करशील?" म्हणाला. पुढचा सगळा प्रवास मी त्याने दिलेल्या रबरी सपाता घालून केला. त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या.

कॅप्टन केरळचे होते, निवृत्तीला आलेले. कमी बोलायचे, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता क्षितिजाकडे पाहायचे. जेवण मात्र छान. भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, बंगाली होता. माशात मोहरी वाटून घालायचा. माझ्याकडचा बाटलीतला मसाला त्याने हातावर घेऊन हुंगला, आणि दुसऱ्या दिवशी रश्श्यात मोहरीबरोबर तोही पडला. आमच्या घरी ही जोडी कुणी खपवून घेतली नसती. जहाजावर सगळ्यांनी भात दोनदा घेतला.

नदीच्या मुखाशी

बोर्निओ बेटावर सारावाक नावाचा मलेशियाचा मुलूख आहे. तिथल्या एका रुंद नदीच्या मुखाशी आम्ही नांगर टाकला. पाणी चहासारखं तांबूस, आणि दोन्ही काठांना जंगल इतकं दाट की त्याच्यात शिरायला वाट असेल असं वाटू नये. त्या जंगलातली झाडं तोडून, त्यांचे ओंडके एकमेकांना बांधून, तराफे करून नदीतून आणतात. जहाजाच्या यारीने, म्हणजे क्रेनने, ते एकेक उचलून आधी पोटात भरायचे, पोट भरलं की वर डेकवर रचायचे. हा माल गुजरातेत कांडल्याला जायचा होता. ओंडक्यांवरून अनवाणी पळणारे तिथले कामगार मी तासन् तास बघायचे. ओंडका पायाखाली गोल फिरतो आणि माणूस त्याच्यावर उलट्या दिशेने चालत राहतो.

एका रविवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो. लाकडी चर्च जमिनीपासून वर खांबांवर बांधलेलं. मिस्साची भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, हे शरीराला ठाऊक होतं, त्यामुळे परकं वाटलं नाही. बाहेर बायका केळी पिठात बुडवून तळून विकत होत्या. केळ्यांच्या बागेत वाढलेल्या मला केळ्याची भजी नवीन नव्हती, पण ही केळी आंबटसर होती आणि बरोबर मिरचीची चटणी होती. मी माझ्या पिशवीतलं सुकेळं त्यांतल्या एका बाईला दिलं. तिने चावलं, थांबली, मग शेजारणीला हाक मारून अर्धं दिलं. चर्चमागची गल्ली, दोन्हीकडची कुंपणं, त्यावरून डोकावणारे माड पाहून मला आमच्या शेजारच्या भुईगावची आठवण झाली. फक्त इथे कुंपणाला रंगवलेले टायर होते.

माल भरायला बरेच दिवस लागणार होते. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही डेकवर बसायचो. तिथेच एकदा मी बावतीसला विचारलं, "तू रोज एवढं कसलं गणित करतोस?"

"उभं राहण्याचं," तो म्हणाला. मग मलाच विचारायला लागला. "खालून पाणी जहाजाला वर रेटतं ते कुठून?"

"बुडालेल्या भागाच्या मध्यातून."

"आणि जहाजाचं वजन?"

"वजनाच्या मध्यातून, सरळ खाली."

"आता लाट आली, जहाज एका बाजूला कललं. वजनाचा मध्य हलला?"

"नाही. माल जागचा सरकला नाही तर नाही हलणार."

"आणि बुडालेल्या भागाचा मध्य?"

मी मनातल्या मनात जहाज कलवून पाहिलं. कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जाणार, म्हणजे पाण्याचा रेटाही त्याच बाजूला सरकणार, आणि तिथून तो जहाजाला परत सरळ करणार. हे मी इतकी वर्षं शिकवते त्याच्या अगदी शेजारचं होतं, पण मनात कधी आलं नव्हतं.

"तो सरकलेला रेटा सरळ वर जातो," बावतीस म्हणाला. "जहाजाच्या मधल्या रेषेला तो जिथे छेदतो त्या जागेला मेटासेंटर म्हणतात. वजनाचा मध्य त्या जागेच्या खाली आहे तोवर जहाज कललं तरी परत उभं राहतं. वर गेला, तर तोच रेटा त्याला आणखी कलंडवतो. माल उंच रचला की वजनाचा मध्य वर चढतो. तळाच्या टाक्यांमधलं तेल इंजिनाने संपवलं, तरी वर चढतो. आणि टाकी अर्धवट भरलेली असली तर सगळ्यात वाईट. परातीत पाणी घेऊन चालून बघ. जिकडे परात कलते तिकडेच सगळं पाणी धावतं."

दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायचा टब भरला आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा त्यात सोडला. तळाला इंजिनखान्यातून मागून आणलेले नटबोल्ट ठेवले. डबा ढकलला की डुलून सरळ व्हायचा. मग मी वर आडवी पट्टी टाकून तिच्यावर साबणाच्या वड्या रचत गेले. डुलणं मंद होत गेलं. आणखी एक वडी ठेवली, आणि डबा एका बाजूला कलून तसाच राहिला. बुडाला नाही, पण सरळही होईना. बोटाने ढकलला तर दुसऱ्या बाजूला कलून तिथे राहिला. त्याला सरळ उभं राहणंच जमत नव्हतं.

"सरळ कर बघू," बावतीस दारातून म्हणाला.

मी वर उचललेल्या बाजूच्या तळाशी एक बोल्ट टाकला. कुणीही तेच केलं असतं. डबा क्षणभर सरळ झाला, पण थांबला नाही. झोकात दुसऱ्या बाजूला गेला, काठावरून पाणी आत आलं, आणि साबणासकट तळाला बसला.

"तो बोल्ट खालच्या बाजूला टाकायचा होता," बावतीस म्हणाला. "आधी जास्त कलेल. कलू द्यायचं. तळ जड होईपर्यंत धीर धरायचा."

त्या दिवशी आमचे सगळे टॉवेल ओले झाले.

माल भरणं संपत आलं तेव्हा माल पाठवणाऱ्यांचा एजंट वर आला. गोड बोलणारा माणूस, येताना सगळ्यांसाठी फळं घेऊन आला होता. खाली नदीत शेवटचा तराफा बांधून तयार होता, तो डेकवर चढवा असं त्याचं म्हणणं. बावतीसने त्याला बसवलं, चहा दिला, आणि काशिनाथला एक मोठा ओंडका यारीने उचलून बाजूला, पाण्यावर बाहेर लटकवून धरायला सांगितला. एका ओंडक्याने जहाज कलताना मला पायाखाली जाणवलं. ओंडका दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा तेच केलं.

"एका ओंडक्याने एवढं कलायला नको," बावतीस म्हणाला. "तुम्ही सांगितलेल्या वजनापेक्षा लाकूड जड आहे. शेवटचा तराफा घेणार नाही."

"कागदावर तर बसतंय," एजंट म्हणाला.

"जहाजावर बसत नाही."

"मग तळाच्या टाक्यांमधलं पाणी काढा. जागा होईल."

"ते पाणी आहे म्हणून तुम्ही इथे उभे आहात," बावतीस म्हणाला.

एजंट कॅप्टनकडे वळला. कॅप्टन नदीकडे पाहत होते. "चीफ ऑफिसर नाही म्हणाले," ते म्हणाले. "फळांबद्दल आभार." तराफा परत गेला.

सामुद्रधुनी

सारावाकहून निघालो, सिंगापूर ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरलो. पाऊस रोज पडत होता, आपल्याकडच्या आषाढासारखा. डेकवरच्या ओंडक्यांच्या फटींत सालपटं आणि चिखल बसला होता, त्यामुळे पाणी वाहून जायच्या वाटा तुंबल्या होत्या. काशिनाथ आणि त्याचे लोक पावसात लोखंडी सळ्या घेऊन त्या मोकळ्या करत राहायचे. लाकूडही पाणी पीत होतं.

जसजसं तळातलं तेल संपेल तसतशा तिथल्या रिकाम्या टाक्या समुद्राच्या पाण्याने भरत जायचं असं बावतीसने ठरवलं होतं. पण पाणी भरणारा पंप बिघडला. चीफ इंजिनिअर, एक चिडखोर पण कामाचा पंजाबी गृहस्थ, त्याचे भाग खोलून बसले होते. एक भाग नव्याने घडवायला लागणार होता.

मला मात्र जहाज आवडायला लागलं होतं. सिंगापूरला चढले तेव्हा रिकाम्या जहाजाच्या हिसक्यांनी माझे हाल झाले होते. उलट्यांचा हिशोब मी ठेवला नाही. आता ते पाळण्यासारखं सावकाश डुलत होतं. एका बाजूला जायचं, तिथे जरा रेंगाळायचं, मग आळसावल्यासारखं परत यायचं. मी बावतीसला म्हटलं, "किती छान झोप लागते."

तो हसला नाही. खिडकीशी उभा राहून, हातातल्या घड्याळाकडे बघत, जहाजाचं एक डोलणं पूर्ण व्हायची वाट बघत होता. "परवापेक्षा सावकाश आहे," म्हणाला.

मला डब्यावरच्या साबणाच्या वड्या दिसल्या. त्यानंतर मला छान झोप लागली नाही.

अंदमानच्या खाली

सामुद्रधुनी संपून मोकळा समुद्र लागला तशी नैऋत्येकडून लांब लांब लाट यायला लागली. त्या सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. जहाज डावीकडे कललं. मी नेहमीप्रमाणे चहाचा कप धरून ते परत यायची वाट पाहिली. ते आलं नाही. टेबलावरची मिठाची बरणी सरकत येऊन माझ्या ताटाला लागली आणि तिथेच राहिली.  मग एक मोठी लाट आली, जहाज सावकाश सरळ झालं, सरळ होऊन पुढे गेलं, आणि उजवीकडे कलून तिथे राहिलं. बरणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

बावतीस उठला. "लाइफजॅकेट घाल आणि वर ये," एवढंच मला म्हणाला.

वर सुकाणूच्या चाकाच्या खोलीत कॅप्टन आधीच होते. त्यांनी वेग कमी करून जहाजाचं तोंड लाटेकडे वळवलं होतं, म्हणजे लाट बाजूवर बसू नये. मी कोपऱ्यात कठडा धरून उभी राहिले. वळताना जहाज पुन्हा डावीकडे गेलं होतं आणि तिकडेच कलून होतं. भिंतीवर कल दाखवणारा काटा होता. समोर खाली ओंडक्यांचा डोंगर, साखळ्यांनी आवळलेला, आणि त्याची डावी कड पाण्याच्या फार जवळ आलेली.

चीफ इंजिनिअर तेलाने माखलेल्या हातांनी वर आले. पंप पहाटे जोडून झाला होता, चालेल असं त्यांना वाटत होतं. "उजव्या टाकीत पाणी सोडतो," ते म्हणाले. "पाच मिनिटांत काम सुरू होईल."

"नाही," बावतीस म्हणाला. "डावीकडच्या."

"डावीकडे तर आपण पडतोय."

"म्हणूनच. हे एका बाजूला वजन जास्त झाल्याने कललेलं नाही. मघाशी उजवीकडे कललं होतं, तुम्ही पाहिलंत. वजनाचा मध्य वर गेलाय. उजवीकडे पाणी घेतलं तर हे उठेल आणि झोकात पलीकडे पडेल. वरचे ओंडके साखळ्या तोडतील. मग काही हातात राहणार नाही."

"मग दोन्हीकडे एकदम घेऊ. लवकर होईल."

"दोन अर्धवट टाक्या झाल्या तर दोन्हींत पाणी धावेल. एकच टाकी, सगळ्यात लहान, डावीकडची. काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाही. मग तिच्या समोरची उजवीकडची."

कॅप्टन इतका वेळ समुद्राकडे पाहत होते. आता त्यांनी पहिल्यांदा बावतीसकडे सरळ पाहिलं. "किती कलेल?"

"आता आहे त्याच्यापेक्षा थोडं जास्त. मग थांबेल."

"नक्की?"

"हिशोब तसा आहे. आणि दुसरा मार्ग नाही."

कॅप्टननी मान हलवली. "चीफ ऑफिसर म्हणतात तसं करा." चीफ इंजिनिअर खाली गेले.

पंप सुरू झाल्याचं आम्हाला खालून आलेल्या फोनवर कळलं. बाकी काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. फक्त काटा. तो डावीकडे सरकायला लागला.

मला खरं सांगायचं तर त्या वेळेस विज्ञानाचा काही उपयोग झाला नाही. आपण जे करतोय त्याने जहाज जास्त पडतंय हे डोळ्यांना दिसत असतं, आणि तेच बरोबर आहे हे डोकं सांगत असतं, पण पाय डोक्याचं ऐकत नाहीत. माझे पाय उजवीकडे सरकत होते. खाली डेकवर काशिनाथने सगळ्यांना लाइफजॅकेट घालून उंच बाजूला उभं केलं होतं. त्याने वर पाहून बावतीसला विचारलं, "मालमसाब, पानी कुठं भरताव?"

"डावीकडं."

काशिनाथने एकदा डावीकडच्या पाण्याकडे पाहिलं. मग आपल्या लोकांकडे वळून म्हणाला, "कलंल आजून. घाबरायचं नाय. कुनी जागा सोडायची नाय." असं सांगताना तो स्वतः कठडा दोन्ही हातांनी धरून होता, आणि लोकांना ते दिसत होतं, तरी कुणी जागा सोडली नाही.

काटा बावतीसने सांगितलेल्या जागेवर आला आणि तिथे थांबला नाही. पुढे गेला. खाली ओंडके करकरले. एका साखळीतून खण्ण असा आवाज आला. डाव्या कडेवरून लाटेचं पाणी ओंडक्यांत शिरून परत निघालं.

खालून चीफ इंजिनिअरचा फोन आला. बावतीसने उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बंद करू का?"

"नाही," बावतीस म्हणाला. "चालू ठेवा."

"कल वाढतोय, बावतीस."

"माहीत आहे. टाकी अर्धी असताना बंद केलं तर आपण याच्यापेक्षा वाईट जागी राहू. चालू ठेवा."

त्याचा आवाज चढला नव्हता. घरी तो माडाला खत घालताना बोलतो तसाच होता. पण फोन ठेवल्यावर मी त्याच्या शर्टाची पाठ पाहिली. ती भिजून अंगाला चिकटली होती. कॅप्टन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि दोघंही काट्याकडे बघत राहिले. थांबवा असं म्हणणं कॅप्टनना सोपं होतं. ते म्हणाले नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी प्रार्थना करत होते, पण शब्द अर्ध्यावर तुटत होते आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

मग खालून काशिनाथचा हात वर झाला. टाकीतली हवा बाहेर जायला डेकवर एक वाकडी नळी असते. राहण्याच्या खोल्यांच्या भिंतीलगतच्या त्या नळीतून पाणी उसळलं होतं. टाकी भरली होती.

काटा थांबला. त्यानंतर लाट आली, तो हलला, आणि परत आला तो केसभर कमी होऊन.

"आता उजवीकडची," बावतीस फोनवर म्हणाला. 

उजवीकडची टाकी भरायला लागली तसं जहाज उठत गेलं, झोक न घेता, हळूहळू, पाठ दुखणारा माणूस खुर्चीतून उठतो तसं. सरळ झालं. पहिली मोठी लाट आली, ते कललं, आणि परत आलं. पुन्हा कललं, पुन्हा आलं. डेकवर खलाशी खाली बसले.  भंडारी सगळ्यांना चहा घेऊन गेला. कपाऐवजी मोठ्या मगांत, आणि साखर फार.

कोलंबो

आणखी एक जोडी टाक्या भरल्या. पण आता जहाज पाण्यात खोल बसलं होतं, आणि पुढे अरबी समुद्रात पावसाळा तोंडावर होता. बावतीसचं म्हणणं, वरचा थर कोलंबोला उतरवून पुढे जायचं. कॅप्टननी तसं कंपनीला कळवलं. उत्तर आलं की उशीर परवडणार नाही, जहाज सरळ झालेलं आहे तर सरळ कांडल्याला न्या.

बावतीस तो संदेश हातात घेऊन कॅप्टनच्या खोलीत गेला. मी तिथे दोघांसाठी लोणचं घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"मी हा थर घेऊन जूनमध्ये अरबी समुद्रात जायला तयार नाही," तो म्हणाला. "मला इथेच उतरवा हवं तर."

"तुम्हाला कुणी विचारलं?" कॅप्टन म्हणाले. "जहाजाचं तोंड मी सकाळीच कोलंबोकडे वळवलंय. आणि उत्तर माझ्या नावाने जाईल, तुमच्या नाही. बसा. बाई, हे लोणचं आंब्याचं का?"

कोलंबोला सपाट पडाव, म्हणजे माल वाहायची उघडी बोट, बाजूला लागला आणि वरचा थर त्यात उतरला. आम्ही एक संध्याकाळ किनाऱ्यावर काढली. तिथे तांदळाच्या पिठाची वाटीसारखी खोलगट धिरडी खाल्ली, मध्ये अंडं फोडलेली, काठ कुरकुरीत. मी टेलिफोनच्या दुकानातून शाळेला कळवलं की मला उशीर होतोय. हेडमास्तर म्हणाले, "आवाज नीट येत नाहीये, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "समुद्र." ते म्हणाले, "बरं."

अरबी समुद्र

कांडल्याला आम्ही उशिरा पोहोचलो. मिठागरांचा पांढरा सपाट मुलूख, उन्हात पाण्यासारखा दिसणारा. कंपनीचा एक साहेब वर आला आणि कोलंबोला जायचा निर्णय कुणाचा असं विचारू लागला, तेव्हा कॅप्टन म्हणाले, "माझा. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोच." साहेबाने बावतीसकडे पाहिलं. बावतीस म्हणाला, "आणि मी पुन्हा तेच सांगेन." त्यावर पुढे काही झालं नाही. बावतीसचा करार संपायचा होता, तो जहाजावर राहिला. मी एकटी घरी आले. शाळा उघडली होती.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते कांडल्याच्या आधीच्या एका दुपारचं.

केरळचा किनारा उजवीकडे कुठेतरी लांब होता. नैऋत्येचा समुद्र उठला होता. जहाज आता खाली जड होतं, आणि जड तळाचं जहाज लाटेला हिसका देऊन सरळ होतं. डावीकडे जातंय न जातंय तोच झटक्याने परत, मग उजवीकडे, मग परत. कपाटं उघडत होती. भंडाऱ्याच्या चिनी मातीच्या निम्म्या बश्या फुटल्या. सकाळपासून माझ्या पोटात काही टिकलं नव्हतं, आणि मी पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरून पडून होते.

बावतीस जेवणानंतर खोलीत आला. बूटही न काढता शेजारच्या कोचावर आडवा झाला आणि तत्क्षणी झोपला. सारावाक सोडल्यापासून मी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. प्रत्येक हिसक्याला त्याचं डोकं उशीवर इकडून तिकडे होत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. माझा सुकेळ्यांचा एक पुडा फळीवरून सुटून त्याच्या पोटावर पडला, तरी नाही.

दारावर टकटक झाली. काशिनाथ चौकटीला धरून उभा होता, काहीतरी विचारायला आलेला. त्याने आत पाहिलं.

"उठवू का?" मी विचारलं.

जहाजाने हिसका दिला. काशिनाथचा खांदा चौकटीवर आपटला. त्याने तो चोळला, झोपलेल्या बावतीसकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नको. बोट आता आपली आपन उभी ऱ्हाते. झोपू दे त्याला."

त्याने दार बाहेरून हळूच ओढून घेतलं. मी कड आणखी घट्ट धरली, आणि जहाज पुढच्या लाटेची वाट पाहायला लागलं.